हर्ण्याचा रफार

"आत्या, आपलं हर्णे मोडलं!"

२०२२ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. सुटीसाठी माहेरी गेले होते. जेवणे आटोपून ओटीवर जरा आडवी झाले होते, तोच आतून भाच्याने ही आरोळी ठोकली. आमच्या गावाने २०२०च्या जूनमध्ये 'निसर्ग' वादळ पाहिले आहे. त्यामुळे 'मोडलं' हा शब्द कानी पडताच मी धडपडत उठले. आत जाऊन पाहते तो माड, कौले, भिंती सगळे जागच्या जागी. मोडले होते ते भाच्याच्या संगणकाच्या पडद्यावर. निळ्या समुद्राच्या चित्रावर मोठ्या अक्षरांत गावाचे नाव यायला हवे होते. तिथे 'ह' होता, मग पाय मोडलेला 'र' होता आणि मग 'णे' होता. रफार म्हणून काही चीज नव्हती!

बरे, एवढ्यावर भागले असते तरी मी पुन्हा आडवी झाले असते. पण त्याखालीच 'सुवर्णदुर्ग किल्ला' अशी पाटी होती. तिच्यातले दोन्ही रफार असेच जमिनीवर आले होते. 'किल्ला'मधल्या पहिल्या वेलांटीने तर कमालच केली होती. ती आपल्या 'क'ला सोडून शेजारच्या 'ल'च्या गळ्यात पडली होती. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या बाईला याहून भयंकर दृश्य ते कोणते?

"अरे, हे काय केलंस?"

"मी काही केलं नाही. मी बरोबर लिहिलंय. हे इंजिनच तसं दाखवतं."

इंजिन! आमच्या घरात या शब्दाचा अर्थ एकच. माझा दादा हर्णे बंदरात होड्यांची इंजिने दुरुस्त करतो. तेव्हा इंजिन म्हटले की डिझेलचा वास, काळे हात आणि वहिनीची साबणाबद्दलची तक्रार. अक्षरे मोडणारे इंजिन मला नवेच होते. त्या दिवशी त्याची जी ओळख झाली ती पुढे वाढत गेली आणि अखेर तिने मलाही कामाला लावले. ती हकीकत सांगावी म्हणून हा लेखप्रपंच.

पोराचा खेळ

भाचा तेव्हा अकरावीत होता. संगणकावर एक खेळ करायचा, असे त्याने मनात घेतले होते. हल्लीची मुले खेळ खेळतात हे सर्वच आईबापांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही असते. परंतु खेळ करू पाहणारे मूल घरात निघाले तर काय करावे, हे मात्र कुणी सांगून ठेवलेले नाही. वहिनीने आपली नेहमीचीच तक्रार चालू ठेवली होती.

खेळ साधा होता. एक छोटी होडी. तिने पहाटे निघायचे, सुवर्णदुर्गाला वळसा घालून खोल पाण्यात जायचे, जाळे टाकायचे आणि दिवस मावळायच्या आत हर्ण्याच्या किनाऱ्याला लागायचे. मग पुळणीवरचा लिलाव. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना सांगायला नको. लाटांत शिरणाऱ्या बैलगाड्या, टोपल्यांतली सुरमई, पापलेट, बांगडा, भोवती गिऱ्हाइकांचे कडे आणि त्या गलक्यात चढत जाणारी बोली. उशीर झाला तर भाव पडणार, घाई केली तर जाळे रिकामे राहणार. १ जूनला पावसाळी बंदी सुरू झाली की खेळातला समुद्रही दोन महिने बंद. त्या वेळात होडी दुरुस्त करायची, जाळी विणायची आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहायची.

मला तो खेळ मनापासून आवडला. ज्या गावात कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराची ठाणी होती, ज्या सुवर्णदुर्गावर १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तोफा डागल्या आणि ज्याच्या नावाची आठवण म्हणून लंडनच्या शूटर्स हिलवर १७८४ साली एक मनोराही बांधला गेला, त्या गावच्या पोराने विलायती राक्षस मारण्याऐवजी आपली होडी हाकारावी, याचा कोणत्या आत्याला आनंद होणार नाही? पण गावाचे नावच धड उमटत नव्हते. दोन दिवस खटपट करून भाचा वैतागला आणि म्हणाला, "जाऊ दे. मी सगळं इंग्रजीत करतो. इंग्रजी अक्षरं कधी मोडत नाहीत."

हे वाक्य मला लागले. मराठीचे काय होणार, यावर मी कितीतरी परिसंवादांतून बोलले आहे. तिथे मातृभाषेचा अभिमान, पालकांची उदासीनता, सरकारी धोरण असे मोठमोठे शब्द येतात. इथे अभिमान होता, उदासीनता नव्हती, धोरणाचा तर प्रश्नच नव्हता. एक सतरा वर्षांचा मुलगा मराठी सोडायला निघाला होता, तो केवळ एक रफार डोक्यावर चढत नव्हता म्हणून!

इंजिन म्हणजे काय?

संध्याकाळी दादा बंदरावरून आल्यावर भाच्याने आम्हा दोघांची शिकवणी घेतली. ती थोडक्यात सांगते.

संगणकावरच्या खेळात नाना कामे असतात. चित्र पडद्यावर दर सेकंदाला तीसदा-साठदा नव्याने रंगवायचे. होडी खडकावर आपटली तर ती थांबली पाहिजे, खडकातून आरपार जाता कामा नये. लाटेचा आवाज वेळेवर यायला हवा. खेळणाऱ्याने कळ दाबताच सुकाणू वळले पाहिजे. आणि पाट्या, सूचना, आकडे ही सगळी अक्षरे उमटली पाहिजेत. ही कामे प्रत्येक खेळात तीच ती असतात. म्हणून ती एकदाच करून ठेवलेली एक यंत्रणा मिळते, तिला म्हणायचे गेम इंजिन. खेळ करणाऱ्याने तिच्यावर आपली गोष्ट, आपली चित्रे, आपले नियम चढवायचे.

"म्हणजे होडी आपली, इंजिन विकतचं," दादा म्हणाला.

"विकतचं नाही, बाबा. हे फुकट आहे. आणि उघडं आहे."

फुकट या शब्दाने वहिनीचे लक्ष वेधले आणि उघडे या शब्दाने दादाचे. इंजिने मोठी नामांकित आहेत. 'अनरियल' हे त्यांतले एक. आमच्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 'राजी' नावाचा एक देखणा खेळ केला, तो २०२० साली बाहेर पडला आणि परदेशातही नावाजला गेला. तो अनरियलवरच केलेला आहे. या इंजिनाची आतली रचना पाहायला मिळते, पण मालकी कंपनीची. खेळाचे उत्पन्न दहा लाख डॉलरच्या वर गेले की वरच्या रकमेवर शेकडा पाच कंपनीला द्यायचे. 'युनिटी' हे दुसरे. तेही एका कंपनीचे. भाच्याने घेतले होते ते तिसरे. त्याचे नाव गोदो.

हे नाव ऐकून मी चमकले. सॅम्युएल बेकेटचे 'वेटिंग फॉर गोदो' कोणत्या साहित्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक नाही? १९५३च्या जानेवारीत पॅरिसला रंगभूमीवर आलेले ते नाटक. एका झाडाखाली दोन फाटके इसम गोदोची वाट पाहत बसतात आणि गोदो काही येत नाही. इंजिनाचे नाव खरोखरच त्या नाटकावरून ठेवलेले आहे. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर या अर्जेंटिनातल्या दोघा मित्रांनी ते स्वतःच्या कामासाठी तयार केले. इंजिनात भर घालण्याची हौस कधी संपायची नाही आणि ते परिपूर्णही कधी व्हायचे नाही, असा त्या नावामागचा विनोद आहे. २०१४ साली त्यांनी त्याचा सारा आराखडा, म्हणजे ज्या ओळींतून ते घडले त्या सर्व ओळी, जगापुढे मोकळ्या केल्या. कुणीही घ्यावे, वापरावे, उघडून पाहावे, बदलावे, त्यावर पैसेही मिळवावेत. अट एवढीच, की मूळ कर्त्यांची परवान्याची चिठ्ठी सोबत ठेवायची.

दादाला हे चटकन पटले. काही नव्या इंजिनांची झाकणे अशी बंद करून येतात, की बिघाड झाला तर कंपनीचा माणूस येईपर्यंत होडी किनाऱ्याला पडून राहते. ऐन हंगामात चार दिवस होडी उभी राहिली तर घरात काय होते, हे त्याने बंदरावर पुष्कळदा पाहिले आहे. "ज्याचा नट आपल्या पान्याने सुटतो तेच इंजिन घ्यावं गो," तो मला म्हणाला. मग मुलाकडे वळून, "एवढं उघडं आहे ना? मग तुझ्या आत्याचा रफार का नाही बसवत?"

खिळे जुळवणारा कुठे गेला?

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर समजण्यासाठी आपल्या लिपीचा स्वभाव पाहावा लागतो.

इंग्रजी अक्षरे शाळेतल्या मुलांसारखी एका रांगेत उभी राहतात. एकापुढे एक ठेवली की काम झाले. आपली अक्षरे एकत्र कुटुंबातली. कुणी कुणाच्या खांद्यावर बसते, कुणी कुणाच्या पायाशी. 'र' एकटाच किती सोंगे घेतो पाहा. 'कर्म'मध्ये तो डोक्यावर चढतो, 'क्रम'मध्ये पोटाशी बिलगतो, 'राष्ट्र'मध्ये खाली दोन पाय फाकून उभा राहतो. शिवाय मराठीचा खास म्हणून एक आहे: 'दऱ्या'मधला. समुद्र तो 'दर्या' आणि डोंगरातल्या त्या 'दऱ्या'. दोन्ही शब्दांत 'र' आणि 'य' यांचीच गाठ. पण एकीकडे रफार आहे आणि दुसरीकडे ती चंद्रकोरीसारखी आडवी रेघ आहे. ती रेघ चुकली तर आमचा हर्ण्याचा कोळी दर्यात जाण्याऐवजी सह्याद्रीच्या दऱ्यांत जाळे टाकायचा!

छापखान्यांच्या काळात या एकत्र कुटुंबाला सांभाळायला माणूस असे. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईला निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या सुबक टाइपांची कीर्ती देशभर झाली. परंतु ते शिशाचे शेकडो खिळे खणांतून नेमके उचलून, रफार कुठे बसवायचा, वेलांटी कशाच्या आधी लावायची हे ठरवणारा खिळे जुळवणारा होता, म्हणून पुस्तके वाचता आली. पहिली वेलांटी बोलताना 'क'च्या नंतर येते पण छापताना 'क'च्या आधी लावावी लागते, हे त्याच्या बोटांना पाठ होते.

संगणक आला तेव्हा हाच पेच नव्याने पडला. त्यावर ज्यांनी आधी डोके चालवले त्यांत आमचे पुणेही आहे. कानपूरच्या आय.आय.टी.त मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' या नावाने वाढले. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही प्रमाण संकेतावली ठरली. आज जगभर चालणाऱ्या युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही त्याच घराण्यातली. तिचे तत्त्व असे, की संगणकाने शब्द साठवायचा तो उच्चाराच्या क्रमाने: ह, मग र, मग पाय मोडल्याची खूण, मग ण, मग मात्रा. पडद्यावर कोण कुठे बसणार, हे नंतर कुणीतरी ठरवायचे. हा 'कुणीतरी' म्हणजेच संगणकातला खिळे जुळवणारा.

गोदोच्या तेव्हाच्या तिसऱ्या आवृत्तीत हा माणूसच नव्हता. इंजिन घडवणाऱ्यांनी अक्षरे आली तशी रांगेत उभी केली. स्पॅनिशला, इंग्रजीला ते पुरले. आपल्या देवनागरीची, तशीच अरबीची आणि अशा आणखी कित्येक लिप्यांची दैना झाली. हा कुणाचा द्वेष नव्हता. ज्याला रफार माहीतच नाही, त्याला रफार पडल्याचे कळणार कसे?

गोदोची वाट

पण उघड्या इंजिनाची खुबी इथेच आहे. गैरसोय झालेल्यांनी तक्रारी उघडपणे मांडल्या होत्या आणि दुरुस्तीही उघडपणे चालली होती. त्यासाठी नवा खिळे जुळवणारा घडवावा लागला नाही. 'हार्फबझ' नावाचे असेच एक खुले साधन आधीच तयार होते. 'हर्फ' म्हणजे फारशीत अक्षर आणि 'बाज' म्हणजे उघडे. इराणी वंशाच्या बेहदाद इस्फहबोद यांनी त्यावर कित्येक वर्षे मेहनत घेतली आहे. आपल्या अँड्रॉइड फोनवर मराठी निरोप नीट दिसतो, तो याच साधनाच्या कृपेने. गोदोच्या मंडळींनी चौथ्या आवृत्तीत मजकुराचा सगळा विभागच नव्याने बांधला आणि त्यात हार्फबझ बसवले.

"म्हणजे झालं की काम!" मी म्हणाले.

"चौथी आवृत्ती अजून पुरी कुठे झालीय? कच्ची चाचणीची आहे. वाट पाहायची."

गोदोची वाट! बेकेटच्या त्या दोन इसमांसारखे आम्ही दोघे आत्या-भाचे ओटीवर बसून राहिलो. तिसरी आवृत्ती २०१८च्या जानेवारीत आली होती, चौथीचा पत्ता नव्हता. भाच्याने मधल्या काळात एक युक्ती काढली. प्रत्येक मराठी शब्दाचे चित्र करून ते पाटीवर चिकटवायचे. पण बाजारात मासळीचे नाव बदलले की नवे चित्र, वाक्य बदलले की नवे चित्र. चाळीस चित्रे झाल्यावर त्याने तो नाद सोडला. पुढे बारावीचे वर्ष आले आणि खेळ आपोआपच माळ्यावर गेला.

नाटकातला गोदो आला नाही. हा मात्र आला. १ मार्च २०२३ रोजी गोदोची ४.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. बारावीची परीक्षा चालू असताना चिरंजीवांनी ती उतरवून घेतली, हे वहिनीला पुढे कित्येक महिन्यांनी कळले. मला मात्र त्याच रात्री फोनवर एक चित्र आले. निळा समुद्र आणि त्यावर 'हर्णे'. रफार डोक्यावर, ऐटीत! खाली 'सुवर्णदुर्ग किल्ला', वेलांटी आपल्या घरी परत आलेली. अक्षरेही सुरेख होती. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेले 'मुक्ता' हे अक्षरवळण त्याने घेतले होते. तेही खुल्या परवान्याचे, कुणालाही मोफत.

आमच्या पुण्याच्या घरी एवढ्या मध्यरात्री मी का हसते आहे, हे यजमानांना कळेना. मी त्यांना चित्र दाखवले. ते म्हणाले, "हर्णे लिहिलंय. मग?" ज्यांची अक्षरे कधी मोडलेली नाहीत त्यांना त्यातला आनंद समजावून सांगणे कठीण आहे.

बंद झाकणाची गोष्ट

याच वर्षी अशी एक घटना घडली, की दादाचे पान्याचे तत्त्वज्ञान साऱ्या जगाला आठवले. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीच्या कंपनीने जाहीर केले, की १ जानेवारी २०२४ पासून काही मर्यादेच्या वर गेलेला खेळ जितक्या वेळा कुणाच्या यंत्रावर नव्याने बसवला जाईल, तितक्या वेळा खेळ करणाऱ्याने आम्हाला शुल्क द्यावे. वर्षानुवर्षे त्या इंजिनावर संसार मांडलेल्या छोट्या मंडळींची झोप उडाली. खेळ अर्धा झाल्यावर इंजिन बदलणे म्हणजे होडी भर समुद्रात असताना इंजिन बदलण्यासारखेच आहे. मोठा गहजब झाला. कंपनीने दहा दिवसांत नियम सौम्य केले, ऑक्टोबरात मुख्याधिकारी पायउतार झाले आणि वर्षभराने, २०२४च्या सप्टेंबरात, ते शुल्क रद्दच झाले. पण तोवर अनेकांचे मन उडाले होते.

त्यांतले पुष्कळ गोदोकडे वळले. 'टेरारिया' या गाजलेल्या खेळाच्या कर्त्यांनी स्वतः गोदो वापरत नसतानाही त्याला एक लाख डॉलरची देणगी दिली आणि शिवाय महिना हजार डॉलर देऊ केले. 'स्ले द स्पायर' या लोकप्रिय खेळाच्या मंडळींनी त्याच्या दुसऱ्या भागाचे काम गोदोवर नेले. 'डोम कीपर', 'ब्रोटॅटो' असे गोदोवर केलेले खेळ तर त्याआधीच नावारूपाला आले होते.

अशी वाट पूर्वीही काहींनी दाखवली होती. 'डूम' या खेळाचा आतला आराखडा त्याच्या कर्त्यांनी १९९७ साली जगाला खुला केला आणि कितीतरी मुले तो वाचून शिकली. चित्रे आणि चलच्चित्रे करण्याचे 'ब्लेंडर' हे साधन २००२ साली कंपनी बुडाल्यामुळे नाहीसे व्हायच्या बेतात होते. तेव्हा वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरोंची वर्गणी जमवून ते सोडवले आणि कायमचे सार्वजनिक केले. सार्वजनिक गणपतीच्या गावच्या माणसांना वर्गणीचे हे शास्त्र काही नवे नाही. गोदोचाही कारभार आज नेदरलँड्समध्ये नोंदलेल्या एका प्रतिष्ठानामार्फत, देणग्यांवरच चालतो.

४.० नंतरही काम थांबलेले नाही. वर्षातून दोन-एक नव्या आवृत्त्या येतात. २०२५च्या मार्चमधल्या ४.४ मध्ये 'जोल्ट' हे वस्तूंच्या टकरी आणि हालचाली सांभाळणारे खुले साधन इंजिनातच आले. भाच्याची होडी लाटेवर अधिक खरी डोलू लागली ती त्यामुळे. सप्टेंबरातल्या ४.५ मध्ये पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या साधनांची सोय प्रायोगिक स्वरूपात आली. म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीही खेळाची दारे किलकिली झाली. अँड्रॉइडच्या फोनवर वा टॅबवर बसूनही या इंजिनात काम करता येते. घरात संगणक नसलेल्या मुलाला ही फार मोठी गोष्ट आहे.

सगळेच गोड आहे असे मात्र नाही. प्रचंड भांडवलाचे, डोळे दिपवणारे खेळ अजूनही बहुतांशी अनरियलसारख्या किंवा कंपन्यांच्या घरच्या इंजिनांवर होतात. खेळांच्या ज्या खास पेट्या बाजारात मिळतात, त्यांच्या कंपन्या आपली माहिती गुप्त ठेवायला लावतात. उघड्या इंजिनाला गुपित ठेवता येत नाही. त्यामुळे तिथे खेळ न्यायचा तर वेगळ्या मंडळींची मदत घ्यावी लागते. आणि फुकट इंजिन मिळाले म्हणजे खेळ फुकट होत नाही. चित्रे काढणारा, संगीत देणारा, रात्रीची जागरणे करणारा असा कुणीतरी असावाच लागतो.

गाठ, प्रवेश, बावटा

२०२५च्या मे महिन्यात पुन्हा माहेरी गेले तेव्हा भाचा इंजिनिअरिंगला होता आणि माळ्यावरचा खेळ खाली आला होता. त्याने माझ्यापुढे एक नवेच काम ठेवले. गोदोचे सारे आदेश आणि सूचना इंग्रजीत असतात. त्यांचे निरनिराळ्या भाषांत भाषांतर जगभरचे लोक हौसेने, सर्वांदेखत करतात. आपल्याही ते करता येईल.

"तू एवढी मराठीची प्राध्यापक. सांग, 'सीन'ला काय म्हणायचं?"

"त्यात काय? नाटकात अंक असतात आणि अंकात प्रवेश. प्रवेश म्हण."

"आणि 'नोड'?"

इथे मी अडले. नोड म्हणजे ज्यांच्या जुळणीतून प्रवेश बनतो ते सुटे घटक. होडी एक नोड, तिचे शीड एक, आवाज एक. एकमेकांना जोडलेले. मी 'घटक', 'बिंदू', 'ग्रंथी' असे शब्द सुचवू लागले. 'ग्रंथी' म्हटल्यावर भाच्याने असा चेहरा केला, की मी तो शब्द लगेच मागे घेतला. दादा पलीकडे बसून कुणाचे तरी फाटलेले जाळे न्याहाळत होता. मान वर न करताच म्हणाला, "गाठ म्हणा की. एक सुटली की बाकीच्या ढिल्या होतात."

मला माझ्या एम.ए.ची जराशी लाजच वाटली. 'सिग्नल'ला मी 'संकेत' म्हटले, त्याने 'बावटा' सुचवला. खडकाला होडी लागली की तिने बावटा दाखवायचा आणि तो पाहून दुसऱ्याने आपले काम करायचे. तंतोतंत हेच ते. हे शब्द उद्या सर्वांना रुचतील की नाही, कोण जाणे. कदाचित मुले 'नोड'च म्हणतील आणि त्यातही काही बिघडत नाही. पण त्या दुपारी कोशात न पाहता बंदराकडे पाहून शब्द सापडत होते, हे खरे.

२०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, २०२५च्या जुलैत आमचा सुवर्णदुर्ग आणखी अकरा किल्ल्यांसोबत युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. दोन्ही वेळा मी पेढे वाटले. परंतु दर्जा मिळाला म्हणून पडद्यावर रफार चढत नाही. तो कुणीतरी बसून बसवावा लागतो. या खेपेला तो दूरदेशीच्या, मराठीचे एक अक्षरही येत नसलेल्या माणसांनी बसवला आणि आपल्याला फुकट दिला. आता त्या इंजिनावर मराठी खेळ चढवायचा, की आयती सोय असूनही इंग्रजी पाट्या लावायच्या, हे आपल्या घराघरांतल्या मुलांनी आणि त्यांच्यामागे उभे राहणाऱ्या आईबापांनी ठरवायचे आहे. आपले मूल पडद्यासमोर बसलेले दिसले, तर रागावण्यापूर्वी एकदा डोकावून पाहावे. ते खेळत असेल, किंवा एखादे वेळेस घडवतही असेल.

त्या सुटीच्या शेवटच्या संध्याकाळी घरातल्या सर्वांनी खेळ खेळून पाहिला. दादाची होडी पहिल्याच फेरीत खडकावर बसली. त्याने दोष इंजिनाला दिला. वहिनीने मात्र सुरमईचा असा भाव काढला, की खेळाचा हिशेबच चुकला आणि भाच्याला तो रात्री दुरुस्त करावा लागला. मग तिने लिलावाच्या पाटीवर बोट ठेवले.

"हे रे काय? 'लीलाव'? पहिला 'लि' ऱ्हस्व हवा ना?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी तीन वर्षे रफाराच्या मागे होते. चार वेळा पाहूनही ती वेलांटी माझ्या नजरेतून सुटली होती. भाचा हसून म्हणाला, "इंजिन आता 'ऱ्हस्व' हा शब्द बरोबर दाखवतं, आत्या. पण ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, हे त्याला नाही कळत."

ते काम अजून आपल्याकडेच आहे. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गाडीत बसताना त्याने मला सगळ्या पाट्यांचा कागद तपासायला दिला. वहिनीने त्यावर आधीच पेन्सिलीने आणखी तीन खुणा करून ठेवल्या होत्या.